धुक्याची वाट पाहत : जाटिंगा

शनिवार, गुवाहाटी ते हाफलाँग

जाटिंगा म्हणजे आसामच्या डोंगरातलं ते गाव, जिथे काळोख्या, धुक्याच्या रात्री पक्षी दिव्याकडे खाली उतरतात. तिथे जायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं. चांदणं नको, आभाळ मोकळं नको, वारा दक्षिणेचा हवा आणि डोंगरावर धुकं हवं. एरवी पर्यटक ज्या हवेला शिव्या देतात, नेमकी ती. हे सगळं जुळून येतं पावसाळा संपता संपता, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतच्या काळोख्या रात्रींत. म्हणून आम्ही सर्वपित्री अमावास्येच्या आगेमागचे दिवस धरले. 'पितृपक्षात कुठे निघालात?' असं मावशीने विचारलंच. माझा मावसभाऊ म्हणाला, "आई, पक्षी बघायचे तर पक्षातच जायला हवं." मावशी हसली नाही.

सकाळी गुवाहाटीहून गाडी पकडली. काचेच्या छताचा विस्टाडोम डबा या मार्गावर २०२१ पासून धावतो. लुमडिंगपर्यंत सपाट भातशेती आहे, काचेच्या छताचा काही उपयोग नाही. लुमडिंग सोडलं की मात्र डोंगर सुरू होतात आणि बोगद्यांमागून बोगदे येतात. २०१५ मध्ये ही वाट मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. मे २०२२ मध्ये दरड कोसळून न्यू हाफलाँग स्टेशनात चिखल शिरला, उभी गाडी त्याने कलंडवली आणि मार्ग बरेच आठवडे बंद राहिला. आता स्टेशन झाडून-पुसून उभं आहे, पण मागच्या डोंगराच्या अंगावरची लाल जखम अजून दिसते.

स्टेशन खाली दरीत, हाफलाँग वर डोंगरावर. हे दिमा हासाओ जिल्ह्याचं मुख्य गाव. जिल्ह्याचं नाव २०१० पर्यंत उत्तर काचार हिल्स असं होतं, आणि जुन्या लिखाणात जाटिंगा त्याच नावाखाली सापडतं. दिमासा, झेमे, ह्मार, कुकी, बंगाली, नेपाळी अशी इतकी माणसं इथे एकत्र राहतात की बाजारात सगळ्यांना चालेल अशी एक वेगळीच हिंदी तयार झाली आहे. तिला हाफलाँग हिंदीच म्हणतात. क्रियापदाच्या लिंगवचनाची तिच्यात फारशी पत्रास ठेवत नाहीत, त्यामुळे आम्हा मराठी माणसांना पहिल्याच संध्याकाळी ती आपलीशी वाटली.

संध्याकाळ म्हणजे पाच वाजता. सव्वापाचला सूर्य मावळला आणि सहाला मिट्ट काळोख. तळ्याकाठी फिरताना भावाने समोरच्या टेकडीवरच्या दोन मनोऱ्यांकडे बोट केलं. एकावरचा लाल दिवा लुकलुकत होता, दुसऱ्यावरचा सलग पेटलेला. "या दोघांत पक्ष्याला मारणारा कुठला, सांग." मी लुकलुकणारा म्हटलं, कारण डोळ्यांवर तोच आदळत होता. उत्तर उलट आहे. अमेरिकेत उंच टीव्ही-मोबाइल मनोऱ्यांखाली सकाळी सापडणारे मेलेले पक्षी मोजले गेले, तेव्हा सलग जळणारे लाल दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले की मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. सलग दिव्याभोवती पक्षी घिरट्या घालत राहतो आणि मनोऱ्याच्या ताणतारांवर आपटतो. दिवा क्षणभर विझला, तरी त्या अंधाराच्या तुकड्यात त्याची सुटका होते. तिथल्या विमानवाहतूक खात्याने २०१५ मध्ये नियमच बदलला. खर्च वाढला नाही, उलट वीज वाचली. मला अशा गोष्टी ऐकल्या की आनंद होतो आणि लगोलग राग येतो, की मग हे सगळीकडे का नाही?

रविवार, जाटिंगा

हाफलाँगहून जाटिंगा आठ-नऊ किलोमीटर. बराईल डोंगररांगेच्या एका सोंडेवर गाव वसलं आहे, दोन्हीकडे खोल दऱ्या. घरांच्या परसात संत्र्याची झाडं, सुपारी, मिरवेल. वाटाड्या आम्हाला गावच्या वेशीवर भेटला. चाळिशीचा, शांत. त्याला आम्ही दादा म्हणायला लागलो आणि तोही आम्हाला दादा-दीदी.

दिवसा पाहण्यासारखं फारसं नाही, हे आधीच सांगून टाकते. एक निरीक्षण मनोरा आहे, माहितीचे काही फलक आहेत, एका फलकावरचे पक्षी उन्हाने पांढरे पडले आहेत. ज्या जागी पक्षी उतरतात तो पट्टा मात्र चालत पालथा घालावा. जेमतेम दीड किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद. शेजारच्या सोंडेवर असं काही घडत नाही, इथेच घडतं. रात्री सातच्या सुमारास सुरू होतं, दहापर्यंत ओसरतं.

गावात मुख्यतः खासी-प्नार लोक आहेत, त्यांना जैंतियाही म्हणतात. त्यांच्याआधी इथे झेमे नागा राहत. रात्री आगीभोवती आभाळातून पक्षी पडू लागले तेव्हा झेमेंनी ही भुताटकी समजून जागा सोडली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या जैंतियांनी तेच देवाचं देणं मानलं, असं इथे सांगतात. दादाच्या घरी ओट्यावर बसलेल्या आजोबांनी ती गोष्ट आणखी रंगवून सांगितली. हरवलेली म्हैस शोधायला लोक मशाली घेऊन निघाले आणि पक्षी त्यांच्या अंगावर येऊन बसले, वगैरे. खरंखोटं त्यांनाच माहीत, पण पुढचं त्यांनी स्वतः केलेलं होतं. पेट्रोमॅक्स बांबूला टांगायचा, त्याखाली लांब काठ्या घेऊन उभं राहायचं. पक्षी खाली आला की काठी. सकाळी कालवण.

बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली ती ई. पी. जी (Gee) यांच्यामुळे. हे आसामातले चहामळेवाले आणि निसर्गअभ्यासक, सोनेरी वानराचं इंग्रजी नाव त्यांच्यावरून पडलं. १९६० च्या आसपास त्यांनी जाटिंगाबद्दल लिहिलं. सालिम अलींनाही या प्रकाराने कोड्यात टाकलं होतं. इथे उतरणाऱ्यांत दिवसा वावरणारे, याच मुलखातले पक्षी बरेच आहेत, ते गाढ झोपायच्या वेळी हवेत काय करतात, हा त्यांचा प्रश्न. पुढे १९७७ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या सुधीर सेनगुप्तांना अभ्यासासाठी पाठवण्यात आलं. आजवर ४० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. तापस, बगळे, वंचक, खंड्याच्या जाती, नवरंग, पाचू कवडा, कोतवाल. सैबेरियातून येणारी बदकं किंवा तुतवार त्यांत जवळजवळ नाहीत. हे जवळच्या पल्ल्याचे प्रवासी आहेत. पावसाळ्यात सखल भाग पाण्याखाली गेला की जागा बदलणारे, आणि त्यांतही पुष्कळसे त्याच वर्षी अंड्यातून निघालेले. १९८८ च्या महापुराच्या वर्षी इथे पक्ष्यांचा खच पडला होता, असं सांगतात.

वर्तमानपत्रांनी याला 'पक्ष्यांची आत्महत्या' करून टाकलं आणि ते विशेषण अजून सुटलेलं नाही. मला तो मथळा चीड आणतो. काठीने मारलेल्या पक्ष्याची आत्महत्या कशी होते?

रात्री मात्र आमची फजिती ठरलेली होती. आभाळ लख्ख. मनोऱ्यावर बसून आम्ही पक्ष्यांऐवजी तारे पाहिले. ध्रुव हात लांब धरून अडीच मुठी उंचीवर, कारण आपण २५ अंश अक्षांशावर होतो. हंस डोक्यावर, त्याच्या पाठीवरून आकाशगंगा. भावाने फोनवर 'ग्लोब अॅट नाइट'चं पान उघडलं. हा २००६ पासून चालणारा जगभरचा उपक्रम आहे. आपल्याला नक्षत्रातले किती मंद तारे दिसतात ते नकाशांशी ताडून पाहायचं आणि आकडा पाठवायचा. या ऋतूत हंस नक्षत्र मोजतात. आमचा आकडा आला ६, म्हणजे चांगलंच काळोखं आभाळ. अशाच हजारो नोंदींवरून २०२३ मध्ये असा निष्कर्ष निघाला की २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट.

दादाला ताऱ्यांचं कौतुक नव्हतं. "तारे दिसले की पक्षी येत नाहीत," तो म्हणाला, आणि ते शास्त्राला धरून आहे. रात्री उडणारे पक्षी तारे वाचतात. अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात इंडिगो बंटिंग नावाचे चिमणीएवढे पक्षी तारांगणात ठेवले. तळाशी शाईचा पॅड, भोवती कागदाचं नरसाळं. पक्षी ज्या दिशेला झेपावेल तिकडे त्याच्या पायांचे ठसे उमटायचे. त्यांना कुठला एक तारा जन्मतः माहीत नसतो. पिल्लं रात्रीमागून रात्री आकाश फिरताना बघतात आणि जो बिंदू हलत नाही त्याला उत्तर मानतात. एम्लेन यांनी काही पिल्लांना वाढवताना तारांगण मृगातल्या काक्षी ताऱ्याभोवती फिरवलं, तर ती पिल्लं मोठी होऊन काक्षीलाच ध्रुव समजून उडू लागली. तारे झाकले गेले तर दुसरी सोय आहे पृथ्वीच्या चुंबकत्वाची. तीही, आजच्या समजुतीप्रमाणे, डोळ्यातल्या एका प्रकाशग्राही प्रथिनावर चालते. प्रयोगशाळेत रॉबिन पक्ष्यांना मंद निळ्या-हिरव्या उजेडात दिशा सापडली आणि लाल उजेडात हरवली. म्हणजे उजेड चुकीचा असला तर होकायंत्रही बिघडतं.

म्हणून धुकं हवं. धुक्यात तारे जातात, डोंगराची कड जाते, जमीन जाते. राहतो तो खाली कुठेतरी तेवणारा एक दिवा.

सोमवार

दिवसभर मुसळधार पाऊस. रात्रीही तोच. इतक्या पावसात पक्षी उडतच नाहीत. भाऊ पत्ते पिसत बसला, मी झोपून काढलं.

मंगळवार, जाटिंगा

दुपारी तीनला दादाचा फोन: आज या. बाहेर तर ऊन होतं. पण खालच्या दरीतून वाफा वर सरकू लागल्या होत्या आणि वारा फिरला होता. त्याने फोनवर हवामानाचं कुठलंही ॲप पाहिलं नव्हतं. पाचला निघालो तेव्हा वाटेतलं वळणही दिसेना. गाडीचे दिवे समोर पांढरी भिंत उभी करत होते. साडेसहाला रिमझिम सुरू झाली.

आम्ही कंदीलबिंदील काही नेला नव्हता. नेण्याची गरजही नव्हती. पट्ट्याच्या कडेला एका नव्या घराचं बांधकाम चाललं आहे, तिथे सामानाच्या राखणीसाठी एलईडीचा फ्लडलाइट लावलेला. पांढराशुभ्र, आणि तोंड निम्मं आभाळाकडे. धुक्याच्या प्रत्येक थेंबाने तो उजेड उचलून पुढच्या थेंबाला दिलेला, त्यामुळे दिव्याभोवती घुमटासारखी एक खोलीच तयार झाली होती. आत सगळं लख्ख, आणि कडेला उजेड संपतो तिथून पूर्ण काळोख. तिथे उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की पक्षी बाहेर का पडत नाही. आतून ती कड म्हणजे भिंतच दिसते.

सव्वासातला पहिला आवाज आला. पंखांचा नाही, आधी हाक. वरून, कर्कश, एकदाच. मग काहीतरी मोठं, तपकिरी, उजेडाच्या छतातून खाली आलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा आलं. तीन-चार फेऱ्या झाल्यावर ते चक्क रस्त्यावर उतरलं. काळा तापस, बहुधा याच वर्षीचा. एरवी हा पक्षी वेतांच्या गचपणात माणसाची चाहूल लागताच मान उंचावून काठीसारखा उभा राहतो, दिसता दिसत नाही. इथे तो ओल्या सिमेंटच्या पोत्यांशेजारी बसून राहिला. भाऊ दोन हातांवर गेला तरी हलला नाही. घाबरलेलाही वाटेना. नुसता बसलेला. सेनगुप्तांच्या वेळेपासून ही गोष्ट नोंदलेली आहे. उतरलेले पक्षी पळून जायचा प्रयत्न करत नाहीत, आणि पकडून ठेवले तर अन्नाला तोंड लावत नाहीत.

"आता इथे काठी असती तर," दादा म्हणाला. लहानपणी तोही काठी घेऊन उभा असायचा. वडिलांनी त्याला आधी लांब उभं केलं, मग जवळ. कधी सोडलं, असं मी विचारलं. एका दिवसात सुटलं नाही, म्हणाला. वनखात्याचे लोक आले, पक्षीअभ्यासक आले, शाळेत सांगू लागले, पाहुणे येऊन पैसे देऊ लागले. शिवाय पक्षीही पूर्वीइतके राहिले नाहीत. मग तो जे बोलला ते मी तिथल्या तिथे वहीत उतरवलं: "तेव्हा रॉकेल महाग होतं, दीदी. पक्षी येणार असं नक्की वाटलं तरच पेट्रोमॅक्स पेटवायचे, आणि दहाला विझवायचे. आता ही लाईट बघा. कुणाला पक्षी नको आहे, तरी रात्रभर, वर्षभर."

तेवढ्यात पत्र्यावर धप्प झालं. भाऊ धावला. शेडच्या उतरत्या छपराखाली एक नवरंग पडला होता. आपल्याकडे जूनमध्ये कोकणात-सह्याद्रीत येतो तो नव्हे, डोकं काळं आणि माथा तपकिरी असलेला त्याचा इकडचा भाऊबंद. पाठ हिरवी, शेपटीखाली लाल. मान लुळी. गरम होता. आपला नवरंगही रात्रीच प्रवास करतो आणि स्थलांतराच्या दिवसांत उजेडाला भुलून घरांत, जिन्यांत, दवाखान्यांच्या व्हरांड्यांत शिरलेला सापडतो. 'आमच्या गॅलरीत हा सुंदर पक्षी आला' म्हणून जे फोटो दर वर्षी फिरतात, त्यांतले पुष्कळ याचेच असतात. खाली अभिनंदनाचा वर्षाव. कुणी विचारत नाही की जमिनीवर पाचोळ्यात चालणारा हा पक्षी सहाव्या मजल्यावर कशाला आला.

दादाने राखणदाराला हाक मारली. दोघांचं काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण राखणदार कुरकुरत आत गेला आणि त्याने खटका पाडला.

घुमट गेला. डोळ्यांना काही दिसेना, वर दोन-तीन ठिकाणी पंख फडफडल्याचे आवाज, एक हाक, तीही दूर सरकत गेलेली. आम्ही बॅटरी न लावता पावसात उभे राहिलो. दाढा वाजत असताना भाऊ कुजबुजत व्याख्यान देत होता, त्याला राहवत नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दर वर्षी ८८ झेनॉन दिव्यांचे दोन झोत आकाशात सोडतात. ती रात्र ऐन शरद स्थलांतरात येते. २००८ ते २०१६ मधल्या सात रात्रींचा रडारवरून अभ्यास झाला, तेव्हा त्या झोतांनी सुमारे ११ लाख पक्ष्यांच्या प्रवासावर परिणाम केल्याचा अंदाज निघाला. झोताजवळ पक्ष्यांची दाटी आसपासच्या २० पटींपर्यंत जायची. तिथे स्वयंसेवक पाठीवर झोपून पक्षी मोजतात, आणि झोतात हजार पक्षी अडकले की दिवे २० मिनिटं बंद. बंद केल्यावर काही मिनिटांतच दाटी विरते. "बघ," तो म्हणाला, "इतक्या थोड्या वेळात दुरुस्त होणारं दुसरं प्रदूषण दाखव. नदी होईल का अशी? हवा होईल?"

आम्ही अर्ध्या तासाने फोनचा उजेड हाताने झाकून पाहिलं. तापस पोत्यांशेजारी नव्हता. उडाला की चालत झाडीत गेला, सांगता येणार नाही. मांजरानेही नेला असेल.

राखणदाराने साडेआठला दिवा पुन्हा लावला. सामान चोरीला गेलं तर त्याचा पगार जातो, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दादाने जाऊन दिव्याचं तोंड मात्र खाली वळवून दिलं आणि वरच्या बाजूने पोत्याचा तुकडा बांधला. पोतं पेटेल की काय म्हणून राखणदार बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होता. एलईडी आहे, तेवढा तापत नाही.

बुधवार, जाटिंगा आणि हाफलाँग

अमावास्या. सकाळी नवरंग पुरला, म्हणजे दादाच्या मुलीने पुरला. तिने आधी त्याचा पंख उघडून आतला पांढरा ठिपका आम्हाला दाखवला. शाळेच्या वहीत तिने पक्ष्यांची यादी ठेवली आहे.

गावाबाहेरून महामार्ग क्रमांक २७ जातो. पोरबंदरहून निघून सिल्चरला पोचणाऱ्या पूर्व-पश्चिम मार्गिकेचाच हा भाग. डोंगर कापण्याचं काम वर्षानुवर्षं रखडत चाललेलं, आणि कामाच्या जागी रात्री असेच फ्लडलाइट. रस्ता नको असं इथे कुणीच म्हणत नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला सिल्चरला न्यायचं म्हणजे काय असतं, ते आजोबांनी कालपरवाच ऐकवलं होतं. पण रस्त्याला लागणारा उजेड आणि आभाळाला लागणारा उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला पैसे मोजलेले असतात, दुसरा नुसता सांडलेला असतो.

मी दादाला शिकागोची हकिगत सांगितली. मिशिगन सरोवराच्या काठावर एक प्रचंड काचेचं अधिवेशनगृह आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका सकाळी त्या एकट्या इमारतीच्या पायथ्याशी साडेनऊशेहून अधिक मेलेले पक्षी गोळा केले गेले. रात्री वारा दक्षिणेकडे वाहणारा, मग पाऊस आणि ढग खाली आलेले, लाखोंच्या संख्येने पक्षी हवेत, आणि काचेच्या आत दिवे. म्हणजे जाटिंगाच. तिथल्या फील्ड म्युझियमचे लोक १९७८ पासून या इमारतीखालचे पक्षी वेचून नोंदवत आले आहेत, आणि त्या नोंदींवरूनच २०२१ मध्ये दिसून आलं होतं की उजळ खिडक्या कमी केल्या तर तिथले मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटू शकतात. त्या सकाळनंतर मात्र हालचाल झाली. २०२४ मध्ये काचांवर बारीक ठिपक्यांचा पडदा चिकटवला, कारण पहाटे उतरलेले पक्षी दिवसा काचेतल्या झाडांच्या प्रतिबिंबावरही आपटतात. मृत्यू झपाट्याने उतरले.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिकडे कुणी गाव भुताटकीचं आहे म्हणून फिल्म काढायला येतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या इमारतीचं कुणी 'पक्ष्यांच्या आत्महत्येचं रहस्यमय ठिकाण' केलं नाही. जाटिंगात दिवा गरजेपोटी लावला जायचा, हेतू उघड होता, म्हणून त्याला क्रौर्य म्हणता आलं आणि ते थांबवायला माणसं धावून आली. शहरातल्या दिव्याला हेतूच नाही. रिकाम्या कार्यालयाचा अठरावा मजला रात्री दोनला का उजळलेला आहे, हे त्या कार्यालयालाही सांगता येत नाही. ज्याचा उद्देश नाही ते सोडायला सर्वांत सोपं असायला हवं, पण अनुभव उलटा आहे. आजोबांना काठी टाकायला लावता आली, कारण त्यांच्या हातात काठी दिसत होती.

कॅनडातल्या लाँग पॉइंटच्या दीपगृहाचं उदाहरण भावाचं आवडतं. त्या दिव्याखाली रात्रीत शेकडो पक्षी मरायचे. १९८९ मध्ये दिवा बदलला, झोत अरुंद आणि कमी प्रखर केला. जहाजांना वाट दिसत राहिली, पक्ष्यांचा मारा जवळजवळ थांबला. आपल्याकडेही अगदीच अंधार नाही, म्हणजे अंधार आहे म्हणायला हवं: रात्रीचं काळं आकाश जपण्यासाठी राखलेल्या जागा आहेत, लडाखात हानले, आणि जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रात पेंच. तिथल्या दिव्यांना टोप्या बसल्या, रंग पिवळसर झाला. पण पेंच आधीपासूनच जंगल आहे. पक्ष्यांना अंधार लागतो तो वाटेवर, आणि वाट गावांवरून, शहरांवरून जाते.

अमूर ससाण्यांचं विचारलं. ते ऑक्टोबरच्या मध्यानंतर याच जिल्ह्यातल्या उमरांग्सोला उतरतात, मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला. त्यांच्यासाठी थांबायला सुट्टी उरली नव्हती. त्यातले काही नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर दिसतात, तेव्हा गाठू.

रात्री आभाळ उघडलं. कुणी आलं नाही. पोत्याचा तुकडा अजून जागेवर होता.

गुरुवार, गुवाहाटी

परतीची गाडी दोन तास उशिरा. गुवाहाटीत उतरून सामान टाकलं आणि थेट दीपोर बील गाठलं. शहराला खेटून असलेलं हे विस्तीर्ण तळं २००२ पासून रामसर पाणथळ आहे. एका कडेने रेल्वेचा रूळ. हिवाळी बदकं यायला अजून अवकाश होता. कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, उघडचोच करकोचे एवढेच दिसले. कोळी होड्या काठाला ओढत होते.

साडेसहाला पूर्ण काळोख व्हायला हवा होता. ईशान्येकडे, शहराच्या अंगाला, आभाळ गढूळ नारिंगी-पांढरं. ढग नव्हते, चंद्र नव्हता. पाण्यावर आमची फिकट सावली पडली होती, तीही शहराच्या उजेडाने. उत्तरेकडून ब्रह्मपुत्रेचं खोरं ओलांडून येणारी बदकं महिन्याभरात याच वाटेने खाली उतरतील, आणि तेव्हा इथे धुक्याचेच दिवस असतात.

भावाने फोन काढून हंस मोजायला घेतला. शेपटीचा हंसा तारा स्वच्छ, पंखांचे दोन बरे, चोच मला दिसत होती, त्याला नव्हती. तो म्हणाला ३ लिही. मी म्हटलं चोच दिसते म्हणजे ४. चष्मा पुसून त्याने परत पाहिलं, तरी ३ वर अडून बसला. शेवटी होडी बांधणाऱ्या मुलाला बोलावलं, त्याच्या डोळ्यांना चोच लगेच दिसली. ४ लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'ढग नाहीत, उजेड ईशान्येकडून' एवढं टाकून नोंद पाठवली.